कराचा परतीचा मार्ग : ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि डॉ. आंबेडकरांचा प्रांतिक वित्तविचार – मराठवाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कर आणि आर्थिक समृद्धी यांच्या संबंधाचा विचार करताना पाठ्यपुस्तकांतून प्रामुख्याने कराच्या दराची चर्चा केली जाते. दर वाढला की उद्योगाची उमेद खचते, दर उतरला की भांडवल मोकळे होते, असे सूत्र विद्यार्थी पाठ करतात आणि त्याच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेच्या इतिहासाचा दाखला देतात. वस्तुतः अमेरिकेचा इतिहास या सूत्राला तितकासा अनुकूल नाही. १९१३ पूर्वी तेथील संघ सरकारचा कारभार मुख्यतः आयातकर व अबकारी यांच्या उत्पन्नावर चालत असे. फेब्रुवारी १९१३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती संमत झाली आणि त्याच वर्षी लागू झालेल्या प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अवघा ७ टक्के होता. १९५० च्या दशकात तो ९१ टक्क्यांवर गेला होता. भरभराटीची वर्षे दोन्ही काळांत आढळतात. तेव्हा समृद्धीचे रहस्य केवळ दरात शोधणे अपुरे ठरते. कर कोणाकडून घेतला आणि तो कोणत्या वाटेने व कोणाकडे परत गेला, हाही प्रश्न विचारावा लागतो.

हा प्रश्न मराठी मुलखात दोन ग्रंथांनी विचारला आहे. पहिला महात्मा जोतीराव फुले यांचा १८८३ साली लिहून पूर्ण झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’, आणि दुसरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९२५ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील इंग्रजी प्रबंध. पहिला ग्रंथ महाविद्यालयात मराठी विभागाच्या वाट्याला येतो व तेथे त्याची चर्चा गद्यशैली, वास्तवदर्शन आणि ब्राह्मणेतर चळवळ या अंगांनी होते. दुसरा अर्थशास्त्राच्या वाट्याला येतो, पण आकडेवारीचा कोरडा ग्रंथ म्हणून त्याचे नाव सांगितले जाते, वाचन क्वचितच होते. या वाटणीमुळे दोन्ही ग्रंथांतील एक समान कसोटी नजरेआड झाली आहे. तिला येथे ‘कराचा परतीचा मार्ग’ असे म्हटले आहे. या कसोटीवर दोन्ही ग्रंथांची, आणि ज्या मुलखाचा हिशेब त्यांपैकी एकानेही मांडला नाही त्या निजामी मराठवाड्याची, तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

असूडातील हिशेब

‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ छापून घरी वाचण्यासाठी नव्हे, तर ऐकवण्यासाठी सिद्ध झाला. जुन्नर, ओतूर, हडपसर यांसारख्या ठिकाणी त्याचे वाचन झाल्याचे उपोद्घातातच नमूद आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला होता. ‘दीनबंधु’ पत्रात आरंभीची प्रकरणे आली, पुढची छापण्यास संपादकाचे धैर्य झाले नाही, आणि संपूर्ण ग्रंथ लेखकाच्या हयातीत छापील रूपात वाचकांपुढे आला नाही. ग्रंथाची ही श्राव्य घडण लक्षात घेतली तर त्यातील पुनरुक्तीचा दोष बराच सौम्य होतो. त्यातील लांबलचक, श्वास रोखून म्हणाव्या लागणाऱ्या वाक्यांतून एकामागून एक देण्यांची यादी येते, ती श्रोत्याच्या अंगावर ओझ्यासारखी चढत जावी म्हणूनच.

ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात सरकारी कर जवळजवळ नाहीच. तेथे शेतकऱ्याच्या जन्मापासून मरणापर्यंत आणि मरणानंतरही धर्माच्या नावाने द्याव्या लागणाऱ्या दक्षिणांची मोजदाद आहे. पुढच्या प्रकरणांतून शेतसारा, लोकल फंड, जकात, मीठ, पाणीपट्टी आणि फॉरेस्ट खात्याने बंद केलेली गायराने यांचा विचार येतो. समीक्षकांनी पहिले प्रकरण धर्मचिकित्सेत आणि पुढची प्रकरणे अर्थचिकित्सेत घातली. असे केल्याने फुल्यांचा मूळ विचारच दुभंगतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने भटाची दक्षिणा, सावकाराचे व्याज आणि सरकारचा सारा ही सारी एकाच कणगीतून जाणारी देणी आहेत. कणगी रिकामी होताना ती कोणत्या नावाने रिकामी झाली, याचा त्याच्या पोटाशी काही संबंध नसतो. कराचा कायदेशीर आघात एकावर आणि प्रत्यक्ष भार दुसऱ्यावर पडू शकतो, हा कराघात व करभार यांतील भेद अर्थशास्त्राने पुढे शास्त्रशुद्ध परिभाषेत मांडला. फुल्यांजवळ ही परिभाषा नव्हती, परंतु भार मोजण्याची जागा त्यांनी बरोबर निवडली होती. ती जागा म्हणजे कुणब्याचे घर.

चौथ्या प्रकरणातील कर्जबाजारी शेतकऱ्याचे स्वगत आणि त्याच्या घराचे वर्णन मराठी वास्तववादाचा आद्य नमुना म्हणून नेहमी उद्धृत केले जाते. त्या वर्णनाचे साहित्यिक मोल निर्विवाद आहे. परंतु ते केवळ चित्र नाही, तो ताळेबंद आहे. घरातील फुटकी भांडी, फाटकी वाकळ, रिकामी मडकी यांची नोंद ही जप्तीच्या पंचनाम्यासारखी एकेक वस्तू मोजत जाते. फुल्यांनी शेतकरी कुटुंबाच्या हाती महिन्याकाठी उरणारी रक्कम आणि सरकारी कामगाराचा किरकोळ खर्च शेजारी शेजारी ठेवला आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवणे हीच ग्रंथातील खरी मांडणी होय. सारा जास्त आहे, एवढेच त्यांना म्हणायचे नाही. तो ज्यांच्या पगारात व पेन्शनीत जातो त्यांच्याकडून शेतकऱ्याला काय मिळते, हा त्यांचा प्रश्न आहे.

हाच प्रश्न त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात अधिक थेटपणे मांडला होता. मुंबई इलाख्यात सरकारी शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी होता. फंड भरणारा कुणबी, आणि सरकारी पैशावर चाललेल्या उच्च शिक्षणाचा लाभ घेणारा मात्र शहरातील वरिष्ठ वर्ग, अशी ही उलटी गंगा. दादाभाई नौरोजी आणि पुढे रमेशचंद्र दत्त यांनी हिंदुस्थानची संपत्ती विलायतेस वाहून जाते हे सप्रमाण दाखवले व राष्ट्रीय चळवळीने तो सिद्धांत उचलून धरला. फुल्यांनी दाखवलेला ओघ त्याहून वेगळा आहे. जो पैसा देशातच राहतो तोही खेड्यातून शहराकडे आणि नांगराकडून लेखणीकडे वाहतो, हे त्यांचे निरीक्षण. राष्ट्रवादी अर्थशास्त्राला हा दुसरा ओघ दिसला नाही, कारण तो मांडणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्याच ओघाच्या खालच्या टोकाला उभे होते, असे म्हणणे कठोर वाटले तरी अन्यायाचे होणार नाही.

अमेरिकेशी फुल्यांचे नाते सर्वश्रुत आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांनी तरुणपणी वाचला होता, हेही चरित्रकारांनी नोंदवले आहे. पण या वाचनाची चर्चा नेहमी समता आणि धर्मस्वातंत्र्य यांपाशीच थांबते. पेन यांच्या ग्रंथाच्या १७९२ साली निघालेल्या दुसऱ्या भागाचा मोठा अंश करांच्या हिशेबाने व्यापलेला आहे. राजदरबार आणि युद्धे यांवरील खर्च कमी करून त्याच पैशातून चौदा वर्षांखालील मुलांसाठी गरीब कुटुंबांना वार्षिक साहाय्य आणि पन्नाशी उलटलेल्या वृद्धांना वेतन देता येईल, असे त्यांनी पौंड-शिलिंगांत मांडून दाखवले. असूडाच्या शेवटच्या प्रकरणातील उपाय याच जातीचे आहेत. पलटणीतील व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून ताली, बंधारे व तलाव बांधून घ्यावेत, ही सूचना नवा कर मागत नाही. ज्या शिपायाचा पगार शेतकऱ्याने आधीच भरला आहे त्याचे श्रम शेतकऱ्याच्या बांधावर परत आणा, एवढेच ती सांगते. पाणी जमिनीत मुरावे व माती वाहून जाऊ नये हा त्यामागचा शेतकी विचार आज पाणलोट क्षेत्र विकासाच्या संदर्भात गौरवला जातो. त्यामागचा वित्तविचार तितकाच गौरवार्ह आहे.

असे असले तरी असूडाच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. फुले दोषाचे खापर जवळजवळ संपूर्णतः भट कामगार आणि बेफिकीर गोरे अधिकारी यांच्यावर फोडतात. कामगार बदलले तरी तीस वर्षांसाठी ठरलेला, पाऊस पडो न पडो रोखीने भरावयाचा सारा हा तसाच राहिला असता. दराचा प्रश्नही पूर्णपणे गौण मानता येत नाही. इंदापूर तालुक्यात प्रिंगल यांची जड आकारणी फसली, शेते ओस पडली. १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी दर उतरवले तेव्हा लागवड पुन्हा वाढली. तीस वर्षांनी फेरआकारणीत दर चढले आणि १८७५ साली सुप्याच्या बाजारातून दख्खनचे दंगे सुरू झाले. कापसाचा भाव कोसळणे, सावकारी आणि सारा या तिन्हींचा त्यात वाटा होता. म्हणजे दर बोलतो, पण एकटा बोलत नाही. तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. फुल्यांचा ‘शेतकरी’ म्हणजे कुणबी, माळी व धनगर. ज्याच्या नावावर जमीन नाही, जो मिठावर कर देतो पण साऱ्याच्या सुटीचा लाभ ज्याला कधीच मिळत नाही, त्या शेतमजुराचा कराच्या दृष्टीने स्वतंत्र विचार या ग्रंथात होत नाही.

न्यूयॉर्कमधील अभ्यास आणि १९२५ चा ग्रंथ

डॉ. आंबेडकर जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्राप्तिकराचा पहिला स्थायी कायदा अमेरिकेत संमत होत असतानाचा तो काळ, आणि ज्यांच्या लेखनाने त्या कराची वैचारिक भूमिका तयार केली त्यांपैकी प्रमुख असलेले एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. करसंक्रमण, क्रमवर्धी कर आणि प्राप्तिकर या तिन्ही विषयांवर सेलिग्मन यांचे ग्रंथ तोपर्यंत प्रसिद्ध झाले होते. कर हा नागरिकाच्या ऐपतीनुसार असावा, हा त्यांच्या विचाराचा गाभा. आंबेडकरांच्या वित्तविषयक लेखनाचा उगम याच वातावरणात आहे. १९१५ च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभार व वित्तव्यवस्थेवरील प्रबंधात त्यांनी कंपनीच्या जमीनमहसूल, मीठ, अफू आणि जकात या उत्पन्नाच्या बाबींचा परामर्श घेतला व कंपनीचे कर्ज शेवटी रयतेच्याच माथी कसे बसले ते दाखवले.

१९२५ च्या ग्रंथाला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. वेगवेगळ्या पातळ्यांवरील शासनांत महसुलाची वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न त्या काळी अनेक देशांपुढे होता, याकडे त्यांनी लक्ष वेधले आहे. ग्रंथाचा मुख्य भाग १८३३ पासूनच्या केंद्रीभूत व्यवस्थेचा आणि १८७१ नंतरच्या तीन टप्प्यांचा इतिहास आहे. लॉर्ड मेयो यांच्या डिसेंबर १८७० च्या ठरावाने पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते अशी काही खाती ठराविक नेमणुकीसह प्रांतांकडे आली. १८७७ पासून नेमणुकीच्या जोडीला काही महसुलाच्या बाबी नेमून देण्यात आल्या, आणि १८८२ पासून काही बाबींचे उत्पन्न केंद्र व प्रांत यांनी वाटून घेण्याची पद्धत आली. १९२१ च्या सुधारणांपर्यंत हीच पद्धत होती. इतर लेखकांनी यात प्रांतांच्या वाढत्या स्वातंत्र्याचा इतिहास पाहिला. आंबेडकरांनी तो भ्रम दूर केला. प्रांताजवळ कर बसवण्याचा अधिकार नव्हता, कर्ज काढण्याचा नव्हता, खर्चातही वरून संमती लागे. तेव्हा प्रांतिक अंदाजपत्रक म्हणजे वरिष्ठ सरकारच्या खातेवहीतील एक पान, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. मिळालेला हिस्सा आणि स्वतःचा महसूल यांत त्यांनी केलेला हा भेद ग्रंथाचा कणा होय.

कर आणि समृद्धीविषयीचे त्यांचे विवेचन मात्र ग्रंथाच्या आरंभीच्या भागात, केंद्रीभूत व्यवस्था का कोसळली हे सांगताना येते. जमीनमहसुलाने शेतीची वाढ खुंटवली, अंतर्गत व बाह्य जकातींनी उद्योग व व्यापार अडवला, मिठावरील कराने गरिबाला नाडले. आणि जमा झालेला पैसा लष्करावर व कर्जाच्या व्याजावर गेला, रस्ते, कालवे व शाळांवर फारच थोडा. येथे दोन दोष वेगळे ठेवले आहेत, हे लक्षणीय आहे. चुकीच्या जागेवरून कर घेणे हा एक, आणि अनुत्पादक जागी तो खर्च करणे हा दुसरा. दोन्ही मिळून तिजोरी रिकामी होते, कारण जी प्रजा वाढत नाही तिचा करही वाढत नाही. फुल्यांनी जे कुणब्याच्या घरात उभे राहून पाहिले ते आंबेडकरांनी सरकारच्या जमाखर्चाच्या बाजूने सिद्ध केले. दोघांची दृष्टी एकाच ओघाच्या दोन टोकांवर आहे.

या ग्रंथाची उणीवही यातूनच निर्माण होते. खातेवहीच्या बाजूने पाहताना रयत दिसेनाशी होते. ग्रंथात प्रांत आणि केंद्र भांडतात, करदाता कुठेच बोलत नाही. असूडाच्या नादमय गद्यानंतर हा ग्रंथ हाती घेणाऱ्या वाचकाला तो रुक्ष वाटला तर नवल नाही. परंतु दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९२७ मध्ये, मुंबई कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना हा करदाता आंबेडकरांच्या भाषणात अवतरतो. ठराविक मर्यादेखालील उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. मात्र एक एकराच्या धन्यालाही, पीक बुडाले तरी, सारा माफ नाही. ही विषमता त्यांनी दाखवून दिली. सेलिग्मन यांच्या ऐपतीच्या तत्त्वाची ही देशी कसोटी होय. १९२८ चे महार वतनाचे विधेयक, १९३७ चे खोती नष्ट करण्याचे विधेयक, आणि वतनी जमिनीवरील जुडीच्या वाढीविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे भरलेली परिषद या मालिकेने असूडात राहून गेलेला भूमिहीन व वतनदार महार-मांगांचा हिशेब पूर्ण केला. १९२५ चा ग्रंथ या मालिकेपासून तोडून वाचणे म्हणजे पायाशिवाय घराचे मोजमाप घेणे होय.

अमेरिकेशी आणखी एक तुलना येथे उपयुक्त ठरेल. हेन्री जॉर्ज यांनी १८७९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात जमिनीवरील कर हाच एकमेव न्याय्य कर मानला आणि त्यातून समृद्धी येईल असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास दख्खनमध्ये जमिनीवरील कर दैन्याचे कारण ठरत होता. विसंगती वरवरची आहे. जॉर्ज यांच्यासमोर शहर वाढल्यामुळे आयती किंमत चढलेला भूखंड होता. फुल्यांसमोर कोरडवाहू रान होते, जेथे आयते असे काहीच नव्हते. एकाच नावाचा कर दोन भूमींत दोन वेगळ्या वस्तूंवर पडतो, हे न ओळखता परदेशी सिद्धांत इकडे लावण्याची सवय मराठी अर्थलेखनात अद्याप पुरती गेलेली नाही.

ज्या मुलखाचा हिशेब मांडला गेला नाही

फुल्यांचा अनुभव पुणे भागाचा. आंबेडकरांच्या ग्रंथाचे नावच ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ या शब्दांनी सीमित झालेले. बडोदा संस्थानच्या साहाय्याने शिकलेल्या आणि सयाजीराव गायकवाड यांनाच ग्रंथ अर्पण करणाऱ्या अभ्यासकाच्या पुस्तकात संस्थानी मुलूख मुळीच नसावा, हा एक लक्षणीय योगायोग आहे. परिणामी वसमत तालुक्यातील हट्ट्यासारख्या गावाचा हिशेब दोन्ही ग्रंथांच्या बाहेर राहतो. मराठवाड्यातील प्राध्यापक जेव्हा हे ग्रंथ शिकवतात, तेव्हा ते नकळत शेजारच्या मुलखाचा इतिहास आपला म्हणून शिकवत असतात. ही गोष्ट केवळ अभ्यासक्रमापुरती मर्यादित नाही. मराठवाड्याच्या मागासलेपणाची कारणमीमांसा तिच्यावर अवलंबून आहे.

निजामी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महसुलाची वसुली मक्त्याने दिली जात असे. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम आगाऊ द्यावी आणि रयतेकडून जमेल तेवढे वसूल करावे, ही रीत. सरकार स्वतः सावकारांचे ऋणको होते व मुलूख गहाण पडत होता. याचे सर्वांत बोलके उदाहरण हिंगोलीच्या परिसरातलेच आहे. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रजी अधिकाऱ्यांच्या फौजेचे हिंगोली हे छावणीचे ठाणे. फौज इंग्रजांच्या हुकमतीखाली, खर्च निजामाच्या माथी. तो खर्च थकला म्हणून २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. धाराशिव व रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचे गेले. रयतेने भरलेला सारा तिच्याच दारातल्या छावणीत खर्च होत होता. अंतराने पाहिले तर परतीचा मार्ग इतका जवळचा दुसरा नसेल; पण त्यातून ना विहीर झाली ना शाळा. परतीचा मार्ग किती जवळून जातो यापेक्षा तो कोणाच्या दारी थांबतो हे महत्त्वाचे, हे यावरून स्पष्ट होते.

त्याच १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंग यांनी मक्त्याची पद्धत मोडली, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व आकारणी सुरू करवली. असूड पूर्ण झाला त्याच १८८३ साली, फेब्रुवारीत, सालारजंग निवर्तले. म्हणजे ज्या रयतवारी पद्धतीवर फुले पुण्यात कोरडे ओढत होते तीच पद्धत मराठवाड्यात सुधारणा म्हणून येत होती. मक्तेदाराच्या जाचातून सुटलेल्या रयतेला ती सुधारणा होतीही. मात्र ती दिवाणी मुलखापुरती होती. संस्थानाचे सुमारे एक तृतीयांश क्षेत्र जहागिरींखाली राहिले आणि निजामाची खासगी सर्फेखास जमीन वेगळीच. तेथील उत्पन्नाचा राज्याच्या अंदाजपत्रकाशी फारसा संबंध येत नसे. जहागिरी १९४९ मध्ये नष्ट झाल्या, तोवर हीच स्थिती होती.

परतफेडीची बाजू पाहता चित्र विषम दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादेस जाणारी रेल्वे झाली, ही निश्चितच जमेची बाजू. परंतु ती येथून कापूस बाहेर नेण्यास जितकी उपयोगी पडली तितकी येथे काही घडवण्यास नाही. सिंचनाचा मोठा खर्च मांजरा नदीवरील निजामसागरावर झाला (१९२३–१९३१) आणि त्याचे पाणी तेलंगणात गेले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले, ते हैदराबादेस आणि उर्दू माध्यमाचे. मराठी शेतकऱ्याचे मूल त्या दारापर्यंत पोहोचणे दुरापास्तच होते.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास स्वातंत्र्य आणि धर्म या दोनच अंगांनी लिहिला गेल्यामुळे त्याचे तिसरे अंग दुर्लक्षित राहिले. १९४७–४८ मध्ये मराठवाड्यात करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करण्यात आली, शिंदीची झाडे तोडण्यात आली, धान्याच्या लेव्हीला विरोध झाला. करोडगिरी म्हणजे सीमेवरील जकात, शिंदी म्हणजे अबकारीचे उत्पन्न, लेव्ही म्हणजे धान्यरूपातील सक्तीची वसुली. लोकांनी निजामी सत्तेच्या नेमक्या महसुली नसाच निवडल्या. ज्या कराची परतफेड नाही तो कर म्हणजे खंडणी, हे त्या गावकऱ्यांनी कोणताही प्रबंध न वाचता ओळखले होते.

१९५५ साली प्रसिद्ध झालेल्या भाषावार राज्यांवरील पुस्तिकेत आंबेडकरांनी मराठवाड्याचा विषय प्रथमच सविस्तर हाताळला. दोनशे वर्षे निजामाच्या अमलाखाली या भागाची अक्षम्य उपेक्षा झाली, येथे एक मैलही कालवा नाही, तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळा अभावानेच आढळते आणि राज्याच्या नोकरीत येथील तरुण दिसत नाही, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. तत्कालीन औरंगाबादची नहर-ए-अंबरी कोणी पुढे करील. परंतु ती शहराच्या पाण्याची सोय होती, शेताची नव्हे. या प्रतिपादनात शेतसाऱ्याच्या दराचा उल्लेखही नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. कालवा, शाळा आणि नोकरी या तिन्ही परतफेडीच्या बाबी आहेत. १८८२ साली फुल्यांनी हंटर आयोगापुढे आणि १९२५ साली स्वतः आंबेडकरांनी ज्या मोजपट्टीने मोजले तीच मोजपट्टी ते येथे संस्थानी मुलखाला लावतात. १९२५ च्या ग्रंथात राहिलेली जागा तीस वर्षांनी या थोडक्या मजकुराने भरून निघाली, असे म्हणावे लागेल.

त्यांनी सुचवलेला मध्य महाराष्ट्र प्रत्यक्षात आला नाही. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६० च्या दशकात पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे पूर्ण झाली आणि सिद्धेश्वरच्या कालव्याचे पाणी वसमत तालुक्यात खेळू लागले. ऊस व हळद ही या भागाची ओळख झाली ती त्यानंतर. एक मैलही कालवा नसलेल्या मुलखात आलेला हा कालवा कराच्या परतीचा निर्विवाद पुरावा आहे. तथापि कालव्याच्या तोंडाशी असलेला बागायतदार आणि शेवटच्या चारीवरचा शेतकरी यांच्या पदरी पडणारे पाणी सारखे नसते, आणि भूमिहीनाच्या पदरी ते मजुरीच्या रूपानेच येते. असूडात राहिलेली तिसरी उणीव येथे पुन्हा समोर येते.

प्रादेशिक असमतोलाची चर्चा दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून अनुशेषाच्या भाषेत होऊ लागली. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. या मंडळांचे मूल्यमापन करताना निधी किती मिळाला व किती वळवला गेला एवढ्यावरच वाद होत आला. १९२५ चा ग्रंथ हाती घेऊन पाहिल्यास प्रश्न निराळा दिसतो. मंडळाला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, कर्ज काढण्याचा नव्हता. राज्यपालांच्या निदेशानुसार वाटून दिलेल्या रकमेवर देखरेख व शिफारस एवढेच त्याचे काम. प्रांतांच्या इतिहासात जिला आंबेडकरांनी पहिला टप्पा म्हटले, त्या १८७१ च्या ठराविक नेमणुकीच्या पद्धतीशी ही रचना अधिक जुळते. आणि मेयो यांच्या ठरावाने प्रांतांकडे आलेल्या खात्यांची अंमलबजावणी तरी प्रांत स्वतः करीत असत, मंडळाकडे तीही नव्हती.